मेहूण, सहल आणि ‘फॅमिली रूम’ : मराठी दांपत्याच्या सहभोजनाचा इतिहास

मराठी कथा-कादंबरीत पतिपत्नी जोडीने घराबाहेर पडतात, जत्रेत हिंडतात, बागेत बसतात, एखाद्या उपाहारगृहात चहा घेतात. अशा प्रसंगांची दखल आपली समीक्षा साधारणपणे दोन सदरांखाली घेते. एक सदर ‘प्रणय’ आणि दुसरे ‘वातावरणनिर्मिती’. पहिल्या सदरात तो प्रसंग पात्रांच्या भावबंधाचा पुरावा ठरतो, दुसऱ्यात तो कथानकाची पार्श्वभूमी होऊन बसतो. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली असते : दोघांनी मिळून बाहेर जाणे व एकत्र खाणे ही मुळातच एक स्वाभाविक, कालातीत हौस आहे, साहित्याने ती केवळ टिपली. प्रस्तुत लेखाचा विरोध या गृहीताला आहे. जोडीने खाणे ही आपल्या समाजात स्वाभाविक बाब कधीच नव्हती. तिला नेहमी निमित्त लागत आले आहे. कधी ते देवाचे होते, कधी पिकाचे, कधी सुधारणेचे. या निमित्तांचा इतिहास पाहिल्याशिवाय आपल्या साहित्यातील साध्या ‘बाहेर जेवायला गेलो’ या वाक्याचाही अर्थ पुरता लागणार नाही, असे मला वाटते.

आरंभ निषेधापासून करावा लागतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाचे नियम सांगताना भार्येसह भोजन करू नये आणि ती जेवत असता तिच्याकडे पाहूही नये, असे म्हटले आहे. नियमाचा दुसरा भाग पहिल्याहून अधिक बोलका आहे. स्त्रीचे खाणे हे दृष्टीआड व्हावयाचे कृत्य ठरते. शास्त्रवचन आणि आचार यांत नेहमी अंतर असते हे मान्य करूनही, महाराष्ट्रातील उच्चवर्णीय घरांची रीत या वचनाला धरून राहिली, हे आपण जाणतो. पुरुषांची पंगत आधी, मुलांची तिच्यासमवेत किंवा मागोमाग, बायकांची सर्वांत शेवटी. आणि अनेक घरांत पत्नीने पतीच्याच उष्ट्या पानावर बसायचे. पानाला पान लावून जेवणे जन्मभरात एकदाच घडे, ते लग्नाच्या दिवशी. वधूवरांनी एकमेकांना घास भरवायचा, उखाण्यात नाव घ्यायचे आणि भोवतालच्या मंडळींनी हसायचे. हा घास खाजगी नव्हे, पूर्णतः सार्वजनिक आहे. किंबहुना तो सार्वजनिक आहे म्हणूनच क्षम्य आहे. त्या दिवसानंतर तो दृष्टीआड जातो.

याला महत्त्वाचा अपवाद मेहुणाचा. नवरात्रात, अधिक महिन्यात किंवा एखाद्या व्रताच्या सांगतेला दांपत्याला जोडीने आमंत्रण द्यायचे, त्यांना लक्ष्मीनारायण किंवा शिवपार्वती मानून पूजायचे आणि शेजारी शेजारी पाट मांडून जेवू घालायचे. अधिक महिन्यात लेक-जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण देण्याची रीत याच विचारातली. मेहुणाच्या पानावर बसलेल्या स्त्रीला तेवढ्यापुरती पतीबरोबर, त्याच वेळी, तोच गरम घास खाण्याची मुभा मिळते. परंतु ती मुभा तिला व्यक्ती म्हणून नाही, देवतेचे प्रतीक म्हणून मिळालेली असते. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात दुसरी एक स्त्री, यजमानीण, पुरण वाटून, पोळ्या लाटून, वाढून, सर्वांत शेवटी जेवणार असते. एका स्त्रीचे सहभोजन दुसऱ्या स्त्रीच्या प्रतीक्षेवर उभे असते. हा पेच आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे आणि तो पुढे शतकभर वेगवेगळी रूपे घेत राहतो.

घराबाहेरील निमित्तांकडे वळल्यास पहिली आठवण जेजुरीची होते. लग्नानंतर नवदांपत्याने खंडोबाच्या दर्शनाला जायचे, नवऱ्याने बायकोला उचलून गडाच्या काही पायऱ्या चढायच्या, भंडारा उधळायचा, तळी भरायची, घरी जागरण घालायचे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे व कांदा अनेक घरांत त्या दिवसापासून पुन्हा ताटात येतात. घरात वडीलधाऱ्यांसमोर ज्या पत्नीशी बोलणेही अवघड, तिला येथे हजारोंच्या देखत उचलून घेता येते, कारण पाहणारा देव आहे. बहुजनसमाजातील जोडप्यांच्या आनंदाची ही जागा आपल्या साहित्येतिहासाने भक्तीच्या खात्यावर टाकली. ती भक्ती नव्हती असे मला म्हणावयाचे नाही. मात्र भक्तीच्या आश्रयाने सहवासाचा, चवीचा आणि प्रवासाचा सोहळा तेथे साजरा होत होता, ही गोष्ट त्या खात्यात जमा झालेली नाही.

दुसरे निमित्त पिकाचे. लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत व लगतच्या मराठवाड्याच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या साजरी होते. शेजारच्या कर्नाटकात हाच सण एळ्ळ अमावास्या म्हणून ओळखला जातो. एळ्ळ म्हणजे तीळ. त्या दिवशी गावे ओस पडतात, कारण सारे शेतात असतात. ज्वारीच्या कडब्याची खोप उभारायची, तीत पांडव मांडून पूजा करायची, रब्बीच्या उभ्या पिकात फिरायचे आणि मग जेवण : हरभरा, तूर, वाटाणा यांच्या ओल्या दाण्यांची व पालेभाज्यांची बेसन लावून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची व शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातील ताकाची आंबील. वाटेने जाणाऱ्या परक्यालाही बोलावून पानावर बसवायचे. स्थानिक अन्न, स्थानिक पेय, उत्सव आणि घराबाहेर घालवलेला दिवस या चारही गोष्टी येथे एकवटतात. आणि शेतकरी नवरा-बायको एकाच पंगतीत, उघड्या आकाशाखाली बसतात. नागर सहलीची कल्पना रूढ होण्यासाठी त्यांना थांबावे लागलेले नाही. परंतु ती भज्जी आणि ते उंडे आदल्या रात्री जागून कोणी केले, याचे उत्तर ठरलेले आहे. सण शेतात असला तरी चूल घरातच पेटते.

तेव्हा आधुनिकतेने आपल्याकडे जोडीचा आनंद आणला, हे विधान तपासून घ्यावे लागते. तो आनंद होताच. आधुनिकतेने निमित्त बदलले आणि त्याबरोबर पाहणाराही बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा बदल कसा वादग्रस्त होता, हे पुण्याच्या पंचहौद मिशनच्या चहाने दाखवून दिले. १४ ऑक्टोबर १८९० रोजी मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. या प्रकरणाची चर्चा नेहमी धर्मसुधारणेच्या अंगाने होते. त्याला दुसरे अंग आहे ते घराचे. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मध्ये ही हकिगत पत्नीच्या जागेवरून सांगितली आहे. पतीने बाहेर घेतलेल्या एका पेल्याचा हिशेब घरातील स्त्रीलाही द्यावा लागतो. सोवळे-ओवळे, नातलगांचे येणेजाणे, पंक्तिव्यवहार यांची झळ प्रथम तिला लागते. बाहेरचे खाणे हा पुरुषाच्या तत्त्वाचा प्रश्न असतो, तेव्हाच तो स्त्रीच्या स्वयंपाकघराचाही असतो.

याच काळात हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती. पुण्याच्या एकत्र कुटुंबातून यमू रघुनाथरावांबरोबर मुंबईस येते, आणि तिच्या दुःखमय चरित्रात तेवढाच एक मोकळा काळ येतो. समीक्षकांनी मुंबईच्या त्या भागाकडे सुधारकी संसाराचा आदर्श म्हणून पाहिले, ते योग्यच आहे. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, हा मोकळेपणा शहराने नव्हे तर सासूच्या अनुपस्थितीने दिला आहे. पाहणारी नजर दूर झाल्यावरच पतिपत्नींमध्ये संभाषण सुरू होते. आणि रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमू जेव्हा पुन्हा जुन्या घरात येते, तेव्हा ती नजर किती क्रूरपणे आपला वाटा वसूल करते, हे वाचकाला ठाऊक आहे. मुंबईतील सुख हे कादंबरीत उसने घेतलेले सुख आहे. त्यामागे कोणतीही सामाजिक हमी नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) हा या संदर्भातील सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज म्हणावा लागेल. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, पण धर्म न बदलता. आणि काही काळ त्यांनी आपले रांधणे-खाणे वेगळेच ठेवले. प्रेम आहे, सहवास आहे, छप्पर एक आहे. फक्त चूल वेगळी आहे. दांपत्याच्या सहभोजनाला जात किती खोलवर अडवते, याचे याहून स्पष्ट चित्र मराठीत दुसरे नसावे. सोवळ्याचा हा पीळ एका दिवसात सुटला नाही. विचार करकरून, स्वतःला हसत, लक्ष्मीबाईंनी तो स्वतः सोडवला. त्यांच्या कथनात ‘एकत्र जेवणे’ ही प्रणयाची खूण नसून एका स्त्रीने स्वतःच्या बुद्धीने घेतलेला निर्णय आहे. म्हणूनच ते सहभोजन मेहुणापेक्षा वेगळे ठरते. येथे ती प्रतीक नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराने या निर्णयाला जागा पुरवली. इराणातून आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी मुंबई-पुण्यात काढलेली चहाची दुकाने, त्यांतील संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि मावा केक यांचे स्मरणरंजन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. मुंबईत धोबीतलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. पुण्याचे गुडलक १९३५ चे. दादरला मामा काण्यांसारख्यांची उपाहारगृहे मराठी मध्यमवर्गाला ओळखीची चव, म्हणजेच ओळखीची जात, घराबाहेर पुरवीत होती. स्मरणरंजनात सहसा सुटून जाते ती या दुकानांतील ‘फॅमिली रूम’. पडदा किंवा लाकडी आडोसा असलेली ही खोली म्हणजे शहराने काढलेली तडजोड होती. स्त्रीने सार्वजनिक ठिकाणी खावे, पण खाताना दिसू नये. मनूचा नियम आणि इराण्याचा धंदा यांची गाठ त्या पडद्यापाशी पडते. ‘फॅमिली’ या शब्दाचे काम येथे निमित्ताचे आहे. एकटी स्त्री तेथे शिरू शकत नाही असे नाही, परंतु पाटीवरील शब्द तिला उद्देशून नाही. तो ज्याच्याबरोबर ती आली आहे, त्याला उद्देशून आहे.

तरीही त्या पडद्याआडच्या कपाचे मोल कमी लेखू नये. त्या कपातील चहा तिने केलेला नव्हता, ती बशी तिला विसळायची नव्हती, आणि तो चहा नवऱ्याच्या चहाबरोबरच, तितकाच गरम, तिच्यापुढे आला होता. मेहुणाच्या पानावरही स्त्रीला हे मिळे, पण वर्षातून एखाद्या दिवशी आणि देवत्वाच्या बदल्यात. येथे ते दोन-चार आण्यांत मिळू लागले. फडक्यांच्या पिढीतील कादंबरीकारांनी या दृश्यावर प्रणयाचा मुलामा चढवला. स्त्रीच्या जागेवरून पाहिले तर त्यातील खरी नवलाई तिला लाभलेल्या अर्ध्या तासाची असावी. प्रणयाची कल्पना ही या श्रममुक्तीला मध्यमवर्गाने दिलेली शोभिवंत संज्ञा आहे, असे म्हटल्यास ते अगदीच अनाठायी होणार नाही.

ही सोय सर्वांना मात्र नव्हती. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे धावू लागलेल्या डेक्कन क्वीनला जेवणाचा डबा होता, परंतु तिसरा वर्ग तिला १९५५ मध्ये जोडला गेला. वर्गाची ही अडचण पैशाने दूर होण्याजोगी होती, जातीची नव्हती. ज्यांना गावच्या हॉटेलात बाहेर उभे राहून वेगळ्या कपातून चहा घ्यावा लागे, त्यांच्यासाठी ‘फॅमिली रूम’चा पडदा हा प्रश्नच नव्हता, त्यांचा प्रश्न उंबऱ्याचा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे बाहेर खाण्याच्या आनंदाला राज्यघटनेचा आधार का लागला ते कळते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढ महिन्याचे वर्णन येते. वर्षभराच्या उपासमारीनंतर वस्तीला सणाचे दिवस लाभतात, घरे सारवली जातात, बायकांना थोडा अवसर मिळतो. तेथे दोघांच्या सहलीला जागा नाही. संपूर्ण वस्तीच एकत्र बाहेर पडते, एकत्र खाते. ‘दांपत्य’ हे एककच मुळात पोट भरलेल्या वर्गाचे आहे काय, असा प्रश्न ते लेखन आपल्यापुढे ठेवते. समीक्षेने तो टाळू नये.

या प्रश्नाला एका विलक्षण प्रयोगाने पूर्वीच हात घातला होता. ‘समतानंद’ म्हणून ओळखले गेलेले अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायणाचा उपक्रम चालवला. पूजेला बसवायचे ते अस्पृश्य मानलेल्या जातीतील दांपत्य, आणि प्रसाद सांज्याचा नव्हे, झुणका-भाकरीचा. तो सर्व जातींनी एकत्र बसून घ्यायचा. कर्मकांडाच्या आधाराने समता साधते काय, यावर मतभेद होऊ शकतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील रचना लक्षणीय आहे. गद्र्यांनी मेहुणाचा साचा उचलला आणि पाटावरची माणसे बदलली; नैवेद्याचा साचा उचलला आणि त्यातले अन्न बदलले. जोडीला लागणारे निमित्त त्यांनी नाकारले नाही, ते ज्यांना कधीच मिळाले नव्हते त्यांच्या हाती दिले. शिवाय झुणका-भाकरीसारख्या कष्टकऱ्याच्या रोजच्या अन्नाला त्यांनी सभेत मान दिला.

त्याच अन्नाचे पुढे काय झाले, हे पाहायला सिंहगडावर जावे. सुट्टीच्या दिवशी पुण्याहून जोडपी गड चढतात, कांदाभजी खातात, पिठले-भाकरी, ठेचा, छोट्या मडक्यातील दही मागवतात. हिवाळ्यात हीच मंडळी हुरड्याला जातात. आता कोणतेही निमित्त सांगावे लागत नाही. देव नाही, पीक नाही, सुधारणा नाही. केवळ ‘जाऊन येऊ’ एवढेच पुरते. पडदा गेला, पाट गेला, आणि दोघे एकमेकांसमोर बसून एकमेकांना खाताना पाहतात. शतकभराच्या प्रवासाचा हा मुक्काम आहे आणि तो हलका लेखण्याचे कारण नाही. ज्या आजीने जन्मभर गार भात खाल्ला, तिच्या नातीने गडावर पहिली भाकरी स्वतः घ्यावी, यात मोठा न्याय आहे.

पण चुलीकडे नजर वळवली की मेहुणाच्या घरातील तो जुना पेच पुन्हा समोर येतो. धुरात बसून भाकरी थापणारी स्त्री बहुधा पायथ्याच्या गावची असते. तिच्या हातची चव आपण ‘अस्सल’ म्हणून वाखाणतो. ती स्वतः केव्हा जेवते, कोणाबरोबर जेवते, हे आपण विचारत नाही. मात्र येथे एक फरक आहे, आणि तो नोंदवलाच पाहिजे. यजमानीण पुण्यासाठी रांधत होती. गडावरची बाई पैशासाठी रांधते. तिच्या श्रमाला निदान किंमत आहे, आणि त्या किमतीच्या जोरावर तीही एखाद्या दिवशी, तिला आवडेल त्या ठिकाणी, दुसऱ्याच्या हातचे गरम जेवण मागवू शकते, ही शक्यता तरी निर्माण झाली आहे.

म्हणून मराठी संहितांतील अशा प्रसंगांकडे पाहताना समीक्षेने ‘त्यांचे प्रेम किती’ या प्रश्नाआधी तीन साधे प्रश्न विचारावेत. ती केव्हा जेवली? रांधले कोणी? आणि हे सारे घडत असता पाहत कोण होते? यमूची मुंबई, लक्ष्मीबाईंची वेगळी चूल, इराण्याचा पडदा, येळवशीची खोप आणि गद्र्यांचा पाट या साऱ्यांना हे प्रश्न सारखेच लागू पडतात. आणि ज्या कादंबऱ्यांची आपण केवळ रंजनप्रधान म्हणून वासलात लावली, त्यांनाही. त्यांतील चहाच्या टेबलाशी बसलेल्या नायिकेने तोंडाने काही सांगितले नसेल. परंतु तिने तो कप निवू न देता संपवला असेल, तर तेवढ्यापुरती तरी ती आपल्या आईच्या पिढीहून वेगळी ठरते. मराठी कुटुंबाच्या इतिहासात या वेगळेपणाची नोंद व्हायला हवी.